हृदयाच्या पेशंटला करंट कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

बायपासनंतर मांडीला करंट देण्याबद्दल, म्हणजे मशीननं मांडीचा स्नायू आवळायला लावण्याबद्दल मी लिहिलं, ते तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला करंट देणं म्हणजे जिवाशी खेळ. तुमचे आप्पा नाशिकहून अमळनेरला परतले आणि आठवडाभरात ओसरीवर फिरायला लागले, त्यांना कुठलंच मशीन लागलं नाही. असले लेख वाचून लोक ऑनलाइन मशीन मागवतील आणि म्हाताऱ्या माणसांना बाजेवर झोपवून ठेवतील. आणि आता तुमच्या नानांना फिजिओनं हेच सुचवलंय, म्हणून तुम्ही चिडलात.

आप्पांचं आधी सांगते. त्यांना मशीनची गरज नव्हतीच. जो पेशंट स्वतःच्या पायावर चालतोय, त्यानं चालावं, रोज थोडं वाढवावं. हृदयविकारानंतर व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनामुळे पुन्हा दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते, हे अनेक चाचण्यांतून दिसलंय. करंटच्या बाजूनं इतका भक्कम पुरावा नाही. चालू शकणाऱ्या माणसाला कुणी नुसतं मशीन लावून झोपवत असेल, तर मीही तुमच्याइतकीच चिडेन.

पण नानांची गोष्ट निराळी आहे. तुम्हीच लिहिलंय की व्हॉल्व्ह आणि बायपास एकत्र झालं, व्हेंटिलेटर लवकर निघाला नाही, त्यात शुगर. असा माणूस आयसीयूत पडून असतो तेव्हा मांडी फार झपाट्यानं उतरते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या गंभीर पेशंटच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला होता. दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी जवळपास १८ टक्क्यांनी घटलं. ते सगळे हृदयाचे पेशंट नव्हते, पण पडून राहिलेल्या आजारी शरीराचं काय होतं ते त्यातून कळतं. माझ्याकडे येणारे म्हातारे बाबा एवढंच म्हणतात, ‘ताई, पायस्मा जीवच नही.’

त्यात छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलेलं असतं. ते जुळायला निदान सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून तोवर हातावर जोर देऊन उठायचं नाही असं सांगतात. आता आपल्या घरातली बाज डोळ्यांपुढे आणा. बुटकी, मधे झोळ पडलेली. तिच्यावरून उठताना माणूस नकळत दोन्ही हात टेकतो. हात टेकायचे नाहीत म्हटल्यावर सगळा भार मांड्यांवर, आणि मांड्या तर आयसीयूतच गळून गेलेल्या. मग तो उठायचंच टाळतो, आणखी पडून राहतो. करंटचा उपयोग इथे आहे: माणूस स्वतः पुरेसा व्यायाम करू शकत नाही तेवढ्या दिवसांपुरता.

तुमची भीती हृदयाची आहे, म्हणून नेमकं कसं लावतात ते सांगते. मांडी ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करायची. गुडघ्याखाली गोधडीची घडी. एक पॅड मांडीच्या वरच्या बाहेरच्या अंगाला, दुसरं गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला. दोन्ही पॅड एकाच मांडीवर, त्यामुळे करंट मुख्यतः त्या दोघांमधल्या भागातूनच जातो. छातीवर पॅड कधीच लावत नाहीत. करंट हळूहळू वाढवला की आधी मुंग्या येतात, मग स्नायू आवळतो आणि गुडघ्याची वाटी वर सरकताना दिसते. काही सेकंद आवळायचं, त्याहून जास्त वेळ सैल सोडायचं. मी पेशंटला सांगते, मशीन आवळेल तेव्हा तुम्हीही जोर लावा. जपानमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयाच्या ऑपरेशननंतर लगेचच हे करून पाहिलं, तेव्हा उपचार चालू असताना रक्तदाब किंवा नाडी धोकादायक पातळीला गेली नाही.

फायदा किती? काही चाचण्यांत मांडीची ताकद लवकर परत आली, पण सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो त्यात फारसा फरक दिसला नाही. काहींत तर कशातच नाही. म्हणूनच मी हे सरसकट सगळ्यांना सांगत नाही.

ऑनलाइन मशीनबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मेडिकलवर किंवा ऑनलाइन जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा दुखणं कमी करायचं टेन्स असतं, स्नायू आवळण्यासाठी लागणारं मशीन वेगळं. शिवाय पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवलेल्या माणसाला हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय हे लावायचंच नाही. पायात गुठळी असल्याची शंका असेल तर अजिबात नाही. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर त्या जखमेपासून पॅड लांब ठेवायचे. हे सगळं बघायला समोर माणूस लागतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घामानं पॅड कडेनं सुटतात. मग करंट थोड्याशा जागेत एकवटतो आणि कातडी भाजते. त्यामुळे दर वेळी पॅड नीट चिकटलेत का ते हातानं दाबून बघायचं.

नानांसाठी एवढं करा. भिंतीला टेकवून एक घट्ट खुर्ची ठेवा, तुम्ही बाजूला उभे राहा, त्यांना हात छातीशी घेऊन उठायला सांगा. उठले, तर मशीन राहू द्या. फिजिओकडून उठबस आणि चालण्याचं वेळापत्रक लिहून घ्या. नाही उठले, किंवा अर्ध्यात खाली बसले, तर फिजिओला नकार देण्याआधी डिस्चार्ज कार्ड घेऊन सर्जनना फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: पेसमेकर किंवा हृदयाला जोडलेल्या तात्पुरत्या तारा आहेत का, आणि मांडीला करंट चालेल का. उठायचा प्रयत्न करताना दम लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. सर्जन काय म्हणाले ते इथेच खाली लिहा, पुढचं मी सांगते.