‘वडिलांच्या रायफलची निम्मी किंमत सांगितली’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय लक्षपूर्वक वाचला. वडिलांची .३१५ बोअरची रायफल देऊन तिच्या बदल्यात दुनळी (छर्ऱ्याची, दोन नळ्यांची बंदूक) घेण्यासाठी आपण आमच्याकडे आलात, रायफल बाहेरून नव्यासारखी असूनही आम्ही केवळ नळीत डोकावून अपेक्षेच्या निम्मी किंमत सांगितली, घाटावरच्या एका विक्रेत्याने फोनवर याहून बरीच अधिक रक्कम सांगितली होती आणि या सगळ्यात वडिलांच्या वस्तूचा अवमान झाला, असे आपण लिहिले आहे. किंमत मान्य करणे वा न करणे हा सर्वस्वी आपला अधिकार आहे. ती कशावरून ठरली हे मात्र येथे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण किनारपट्टीवरच्या अनेक घरांत अशीच जुनी शस्त्रे आहेत.

आपली रायफल इशापूरच्या सरकारी कारखान्यातील, ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धाटणीची आहे. तिचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, काढता येत असल्याने नळी मागच्या बाजूने पूर्ण पाहता येते. आम्ही प्रथम नळीतून कोरडी चिंधी फिरवली, कारण तेल लावलेली नळी कशीही असली तरी चकचकीतच दिसते. तेल निघाल्यावर काडतूस बसते त्या घराच्या पुढे वीतभर अंतरात गंजाचे खड्डे आणि आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांच्या, बोथट झालेल्या कडा दिसल्या, आणि त्या आपल्यालाही उजेडात धरून दाखवल्या होत्या. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचा पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरतो, तो हवेतली ओल ओढून घेतो आणि तेलात विरघळत नाही. नळी आधी पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेल दिले, तरच तो जातो. आपल्या वडिलांनी रायफलला नियमित तेल दिले असणार, याविषयी आम्हाला शंका नाही. पण तेलाखाली क्षार राहिला तर जून ते सप्टेंबरच्या दमट, खाऱ्या हवेत लोखंड आतून खाल्ले जातेच. शिवाय रायफल चामड्याच्या आवरणात ठेवलेली होती आणि चामडे ओल धरून ठेवते. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, तेव्हा तिथेही त्याची पुसपास होईलच असे नाही.

नळीखालचे लाकूड आम्ही आपल्या परवानगीने उतरवले, ते याच कारणासाठी. कोकणातील बंदुकीचा खरा गंज लाकूड आणि नळी यांच्या सांध्यात, बाहेरून न दिसणाऱ्या जागी असतो, आणि आपल्या रायफलीतही तो तिथेच सापडला. अलीकडे करून घेतलेल्या पॉलिशने किंमत वाढेल असा आपला समज होता. प्रत्यक्षात त्या घासाईत कारखान्याचे शिक्के पुसट झाले आहेत आणि कोपऱ्यांच्या मूळच्या धारदार कडा गोल झाल्या आहेत. सुदैवाने क्रमांक स्पष्ट वाचता येतो. तो पुसला गेला असता तर शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ८मुळे हा व्यवहार आम्हाला करताच आला नसता, म्हणून जुने शस्त्र कोणाकडेही पॉलिशला देण्याआधी सर्वांनी हा विचार करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

रायफलीत चांगले जे आहे, तेही आम्ही मोजले. गेज लावून पाहिल्यावर काडतुसाच्या बुडाशी बोल्टचे अंतर योग्य भरले. ते वाढलेले असते तर बार होताना काडतूस फाटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येण्याचा धोका असतो, आणि तशी रायफल आम्ही कोणत्याही किमतीला घेत नाही. बोल्टवरचा आणि चौकटीवरचा क्रमांक एकच आहे, चाप व सेफ्टी व्यवस्थित आहेत, दस्त्याला तडा नाही.

उरला बाजाराचा भाग. आपल्याकडे शेतीसंरक्षणासाठी लोक दुनळी मागतात, कारण रायफलची गोळी किलोमीटरच्या पलीकडेही घातक असते आणि वाड्या-वस्त्या जवळजवळ आहेत. त्यातच शस्त्र अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, त्यामुळे जुन्या शस्त्रांची विक्रीही वाढली. फोनवर रक्कम सांगणाऱ्या विक्रेत्याला आम्ही दोष देत नाही, परंतु त्यांनी नळी पाहिलेली नव्हती. आपण रायफल त्यांना प्रत्यक्ष दाखवावी. नळी पाहूनही ते तीच रक्कम देत असतील तर आपण ती अवश्य घ्यावी.

वडिलांच्या वस्तूचे मोल आपल्या मनात वेगळे असणार, आणि ते तसेच असायला हवे. तपासणीच्या वेळी आमच्याकडून त्यांच्याविषयी एकही अनादराचा शब्द निघालेला नाही. नळी खराब आहे हे ठाऊक असताना आम्ही आपल्याला अधिक रक्कम दिली असती, तर ती पुढच्या खरेदीदाराकडून वसूल करावी लागली असती, आणि तोही याच पंचक्रोशीतला कोणी बागायतदार असता.

तपासणीचा तपशील लिहिलेला कागद दुकानात आहे. आपण तो घेऊन जावा आणि अन्य परवानाधारक कारागिराकडून पडताळून पाहावा. खाजगी परवानाधारकास रायफल विकायची असल्यास जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते, हे ध्यानात ठेवावे. पुन्हा आमच्याकडे यायचे ठरल्यास रायफल रिकामी करून, मूळ परवान्यासह आणावी आणि येताना चामड्याचे आवरण घरीच ठेवावे.

आपला नम्र,
दुकानमालक