युनिव्हिजन या अमेरिकेतल्या स्पॅनिश वाहिनीवर बातम्या देणारे पत्रकार होर्हे रामोस यांच्यावरचा लेख वाचून...

लेख आवडला. एकच बारीक दुरुस्ती: तुम्ही लिहिलंत तसं 'जॉर्ज' नव्हे, स्पॅनिश उच्चार 'होर्हे'. मेक्सिको सिटीत जन्मलेला माणूस आहे तो! २०१५ची आयोवातली पत्रकार परिषद तुम्ही रंगवून लिहिलीत. ट्रम्पनी 'युनिव्हिजनला परत जा' म्हणत रामोसना बाहेर काढलं ती. पण थोड्या वेळाने त्यांना परत आत घेतलं आणि मग दोघांची चांगलीच जुंपली, ते राहून गेलं.

मला विचाराल तर त्याहून भारी प्रसंग २०१९चा, व्हेनेझुएलाची राजधानी काराकासचा. कचऱ्याच्या गाडीतून अन्न शोधून खाणाऱ्या तरुणांचा व्हिडिओ रामोसनी आयपॅडवर थेट तिथल्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मादुरोंच्याच पुढ्यात धरला. साहेब मुलाखत अर्धवट टाकून उठले. रामोस आणि त्यांच्या टीमला दोन तासांहून जास्त वेळ अडकवून ठेवलं, कॅमेरे जप्त, दुसऱ्या दिवशी देशाबाहेर रवानगी.

आणि हो, १९८६ ते २०२४ असा युनिव्हिजनच्या एकाच बुलेटिनवरचा रामोस यांचा प्रवास सांगताना मारिया एलेना सालिनास यांचं नावच नाही? २०१७पर्यंत, जवळपास तीस वर्षं, त्याच बातम्या रामोस यांच्या जोडीने दिल्या की हो सालिनासनी! त्यांच्यावर वेगळा लेख येऊ द्या.