दुसरी चावी कुठाय?

गाडी विकायला काढलीय, आज अजून एक जण बघून गेला. बघून कसला, पोस्टमॉर्टम करून. आल्या आल्या खिशातून पेंटचं मीटर काढलं, रंगाचा थर किती जाड ते मोजणारं, आणि दारापासून सुरुवात. टुक, ११०. टुक, १२५. मी निवांत, कारण कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, भरतोच. मग मागच्या पॅनलला टेकवलं. २९०. माझ्याकडे असं बघितलं जसा काय मी डिकीत मुडदा लपवलाय. अहो, सायकलचं हँडल घासलं होतं, तेवढाच रंग मारलाय, बिल दाखवतो! तर म्हणे "तसं सगळेच सांगतात." आणि मग तेच मीटर बंपरला. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे ते मीटर काहीच दाखवत नाही, तरी हा मान हलवून म्हणतो "हं." कसलं हं? काय कळलं तुला?

नंतर टायरपाशी उकिडवा बसून मोबाईलच्या टॉर्चमध्ये टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे शोधले, २३१७, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे पण रबर म्हातारं, पैसे कमी करा. गाडी फार कमी फिरलीय, उभी राहून सील सुकले असतील, अजून कमी करा. गेल्या आठवड्यातल्याला हेच किलोमीटर जास्त वाटले होते! तेच मीटर, तोच आकडा, एकदा काय ते ठरवा ना. आणि एकाने तर विचारलं, "पळवली नाही ना फार?" स्पोर्ट्स कार आहे बाबा, पळवू नको तर काय काचेच्या कपाटात ठेवू? बरं तरी माझी माझदाची एमएक्स-५ आहे, पोर्शाच्या कित्येक मॉडेलांत तर इंजिन किती वेळा रेडलाईनच्या, म्हणजे फिरण्याच्या कमाल मर्यादेच्या, वर गेलं ते कंप्युटरच सांगून टाकतो, घरभेदी साला.

सायलेन्सरचं तर बोलूच नका. दोन पगार घातलेत त्यात, आणि येणारा प्रत्येक जण आवाज ऐकून आधी खूश होतो, मग विचारतो ओरिजिनल कुठाय. ओरिजिनल भंगारात. मॉडिफाय केलं की भाव पडतो हे मला आधी कोणी सांगायला नको? म्हणजे, सांगितलं होतं. बायकोने. मेकॅनिकने. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याने पण, "जुना सायलेन्सर टाकू नका" असं दोनदा.

सर्व्हिसचे सगळे शिक्के मात्र आहेत हो माझ्याकडे, गिअरबॉक्स मॅन्युअल आहे जो हल्ली लोक शोधत फिरतात, त्यावर एक शब्द नाही. फाईल चाळली, मिटली आणि जाता जाता, "दुसरी चावी?"

नाहीये दुसरी चावी. मी घेतली तेव्हाही नव्हती. त्याच मुद्द्यावर मी त्या बिचाऱ्याला अर्धा तास पिळला होता, वर पेंटचं मीटर पण नेलं होतं, मित्राचं. बंपरला लावलं होतं का ते आठवत नाही. लावलं असणार.