अलेक्सेयेवला ‘दुकानदार’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

सोव्हिएत वेटलिफ्टर वासिली अलेक्सेयेववरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, ‘अर्धा-अर्धा किलो वाढवत दर विक्रमामागे सरकारकडून बक्षीस उकळणारा हा दुकानदार. लोखंडाला कधी हात न लावलेल्यालाच तो महान वाटणार.’ शिवाय उत्तेजकं आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधलं अपयश हे दोन टोले आहेतच.

मतभेदाला माझी ना नाही. पण ही काय भाषा झाली? तुमची-माझी ओळख नाही, पाळख नाही, आणि मी लोखंडाला हात लावलाय की नाही हे तुम्ही परस्पर ठरवून मोकळे! माझी कॉलेजची वर्षं मिरजेच्या एका व्यायामशाळेत गेली. क्लीन करताना, म्हणजे बार जमिनीवरून खांद्यावर घेताना, तो गळ्याखालच्या हाडावर आदळून तिथे काळानिळा वळ उठायचा, हा वळ आईला दिसू नये म्हणून मी उन्हाळ्यातही शर्टाचं वरचं बटण लावून हिंडायचो. जर्कमध्ये, म्हणजे खांद्यावरचा बार डोक्यावर नेण्यात, अडीच किलो वाढवायचे तर अख्खा हिवाळा जायचा. बार डोक्यावर गेला तरी काम संपत नाही. कोपरं ताठ, पाय एका रेषेत, आणि पंचांची खूण होईपर्यंत थरथरत उभं राहायचं. तिथे अर्धा किलो म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आणि ‘दुकानदार’ ही शिवी कधीपासून झाली? आमच्या सांगलीच्या संकेत सरगरच्या वडिलांची पानटपरी आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याचं सुवर्ण कितीने हुकलं माहीत आहे? त्याचे २४८, मलेशियाच्या खेळाडूचे २४९. एका किलोने. त्या दिवशी कोपर दुखावलेल्या त्या पोराला जाऊन सांगा, की थोडंथोडं वाढवणं हा धंदा असतो.

अलेक्सेयेव अर्ध्या किलोने विक्रम मोडायचा, हे मान्य. लेखात त्यावर एखादी ओळ आली असती तरी चाललं असतं. पण तेव्हाच्या नियमात तेवढी वाढ विक्रमाला पुरत होती आणि बक्षीस सोव्हिएत सरकार आपणहून देत होतं. शाख्तीसारख्या खाणींच्या गावातल्या माणसाने ते घेतलं, तर त्यात उकळणं कुठून आलं?

शिवाय किलोचा हिशेबच करायचा असेल तर पूर्ण करा. मार्च १९७० मध्ये मिन्स्कला प्रेस, स्नॅच आणि जर्क हे तीन प्रकार मिळून ६०० किलो उचलणारा तो जगातला पहिला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याचे ६४०, रौप्यवाल्या रुडॉल्फ मांगचे ६१०. तीस किलोंचा फरक! त्यानंतर प्रेस (बार खांद्यावरून नुसत्या हातांच्या जोरावर वर ढकलणं) हा प्रकारच स्पर्धेतून काढून टाकला. त्यात अलेक्सेयेवच्या नावावर २३६.५ किलोचा विक्रम होता. एवढं मोठं हत्यार हातातून गेलं, दुसरा कुणी तिथेच संपला असता. १९७६ ला पूर्व जर्मनीच्या गेर्ड बोंकने जर्कचा विक्रम २५२.५ वर नेला होता. त्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकला त्याच बोंकसमोर अलेक्सेयेवने थेट २५५ मागितले आणि उचलले. स्नॅच आणि जर्क मिळून एकूण ४४० विरुद्ध ४०५. सुवर्ण खिशात घालायला त्याला इतक्या वजनाची गरजही नव्हती. अर्ध्या किलोचा व्यापारी असा वागतो?

उत्तेजकांबद्दल तुम्ही नुसतं कुजबुजलात, पुरावा काही दिला नाहीत. ऑलिंपिकमध्ये स्टिरॉइडची चाचणी माँट्रियललाच सुरू झाली, काही वेटलिफ्टर्सची पदकंही गेली. अलेक्सेयेवचं सुवर्ण आजही त्याच्याच नावावर आहे. तो विषय इथेच थांबवतो.

राहता राहिलं मॉस्को. ३८ व्या वर्षी स्नॅचमध्ये (बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) १८० किलो तीनदा हुकले, एकूण वजन नोंदलंच गेलं नाही, सुवर्ण सुलतान राखमानोवला मिळालं. हे सगळं माझ्या लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही. १९७० ते १९७७ अशी सलग आठ वर्षं जगज्जेता राहिलेला माणूस एका संध्याकाळवरून मोजायचा असेल तर खुशाल मोजा, मी मोजणार नाही.

तुमच्याकडे आकडे असतील तर लिहा, मी उत्तर देईन. पुन्हा माझ्या हातांबद्दल किंवा कुणाच्या दुकानाबद्दल लिहिलंत, तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.