‘लिफ्टलाही लोक घाबरायचेच की’ म्हणणाऱ्यांसाठी

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असा, की ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाडीला घाबरणारे म्हणजे लिफ्टला घाबरणाऱ्या जुन्या लोकांचेच वारसदार, 94 टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात, मशीन दमत नाही पीत नाही फोन बघत नाही, विमानं तर कधीपासून ऑटोपायलटवरच उडतात, आणि जे लोक मॅप लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत त्यांनी गाडीवर अविश्वास दाखवणं म्हणजे ढोंग. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘अज्ञानातून बाहेर या’.

आधीच सांगतो, मी या गाड्यांच्या विरोधात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात वर्षाला साधारण 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यावर मरतात, त्यामुळे आपण माणसं फार छान गाडी चालवतो असं म्हणायला कोणाला तोंडच नाहीये. पण चांगल्या गोष्टीची बाजू घ्यायची तर ती तरी नीट घ्या ना.

लिफ्टचं बघू. लोक घाबरायचे हे खरंय, आणि बरोबरच घाबरायचे! दोर तुटायचे. 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्टचा सेफ्टी ब्रेक बनवणारा एलिशा ओटिस स्वतः उंचावर प्लॅटफॉर्मवर उभा राहिला, दोर कापायला लावला आणि प्लॅटफॉर्म जरासा खाली येऊन तिथेच अडकला. म्हणजे लोकांचं अज्ञान गेलं म्हणून लिफ्ट चालली असं नाही, ‘दोर तुटला तर काय’ याचं उत्तर कोणीतरी समोर उभं राहून दिलं म्हणून चालली. शिवाय लिफ्ट चार भिंतींच्या आत वर-खाली करते, तिच्या वाटेत कोणी सायकल घेऊन आडवं येत नाही. आणि लिफ्टमध्ये धोका कोणाला, तर जो आत शिरला त्याला. रस्त्यावर तसं नाही, तिथे गाडीत न बसलेल्या माणसालाही धोका आहे आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

आता ते 94 टक्के. हा आकडा इतक्या ठिकाणी बघितलाय की आता दिसला तरी वैताग येतो. तो आला कुठून, तर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या 2015 च्या एका छोट्या रिपोर्टमधून, आणि त्यातली अपघातांची माहिती 2005 ते 2007 मधल्या एका सर्व्हेतली. त्यात त्यांनी प्रत्येक अपघाताआधीच्या घटनांच्या साखळीतली सगळ्यात शेवटची कडी कोणाकडे जाते एवढंच नोंदवलं, आणि 94 टक्के वेळा ती ड्रायव्हरकडे गेली. त्याच रिपोर्टमध्ये स्पष्ट म्हटलंय की याला अपघाताचं कारण समजू नका आणि यावरून दोषही ठरवू नका. पण ते वाचतो कोण! रस्त्याचं वळण चुकीचं बांधलंय, दिवे नाहीत, समोरून येणारा ट्रक उंच आहे, आणि शेवटच्या सेकंदाला ड्रायव्हरने ब्रेक उशिरा दाबला, झालं, खापर त्याच्या डोक्यावर.

आणि समजा धरला तो आकडा. म्हणून मशीन आलं की 94 टक्के अपघात गायब? अमेरिकेतल्याच विम्याच्या पैशावर चालणाऱ्या हायवे सेफ्टी इन्स्टिट्यूटने 2020 मध्ये त्याच सर्व्हेतले पाच हजारांवर अपघात परत तपासले, तेव्हा निघालं की दिसलंच नाही, लक्ष नव्हतं, झोप लागली, प्यायला होता अशा चुका साधारण एक तृतीयांश अपघातांतच होत्या. बाकीचे अंदाज चुकल्याने, घाईने, वेग जास्त ठेवल्याने झालेले. ते टाळायचे तर गाडीने नुसतं नीट बघून भागणार नाही, प्रवाशाला घाई असली तरी तिने हळू जायला हवं, आणि तशी गाडी किती जण हौसेने विकत घेतील हा प्रश्नच आहे.

मशीन दमत नाही, पीत नाही, हे मात्र शंभर टक्के मान्य. ड्रायव्हरशिवाय टॅक्सी चालवणाऱ्या वेमो या अमेरिकन कंपनीच्या जानेवारी 2025 पर्यंतच्या 5 कोटी 67 लाख मैलांच्या अभ्यासात माणसांच्या तुलनेत इजा होणारे अपघात बरेच कमी निघालेत, आणि अभ्यास कंपनीचाच असला तरी तो तज्ज्ञांच्या तपासणीतून छापून आलाय, त्यामुळे उगाच नाक मुरडणार नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. अमेरिकेत माणसं चालवतात तेव्हा 10 कोटी मैलांमागे साधारण एक-सव्वा मृत्यू होतो, म्हणून मृत्यूंच्या बाबतीत मशीन माणसाइतकं तरी सुरक्षित आहे हे खात्रीने म्हणायचं तर एकही मृत्यू न होता 27 कोटी 50 लाख मैल जायला हवेत असं रँड या संस्थेने 2016 मध्येच गणित मांडलं होतं. आणि दुसरं, वेमो म्हणजे आखून दिलेल्या भागात, आधी बारकाईने नकाशा बनवून, अडलं तर लांबून मदत करणारी माणसं ठेवून चालवलेली टॅक्सी. मेसेज वाचून लोकांच्या डोळ्यासमोर येते ती शोरूममधून आणलेली स्वतःची गाडी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण कौतुक पहिलीचं वाचायचं आणि भरवसा दुसरीवर ठेवायचा असं चाललंय.

याच गोंधळातून येतो तो विमानाचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच.

ऑटोपायलट असलेल्या विमानात प्रशिक्षण घेतलेले दोन पायलट बसलेले असतात, खाली हजारो फूट मोकळी जागा असते, काही बिघडलं तर विचार करायला सहसा मिनिटं मिळतात. तरीसुद्धा 1 जून 2009 ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकमध्ये पडलं आणि 228 माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, आणि अचानक हातात आलेलं विमान पायलटांना सावरता आलं नाही. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे 1983 मध्येच लिहून ठेवलं होतं, की सोपं काम मशीनला दिलं की माणसाचा सराव जातो आणि मग नेमकं अवघड तेवढंच त्याच्या वाट्याला येतं.

आता हेच गाडीत आणा. मर्सिडीजच्या लेव्हल 3 गाडीत, म्हणजे ठराविक परिस्थितीत गाडी स्वतः जबाबदारी घेते आणि जमेनासं झालं की परत देते त्या प्रकारात, ताबा घ्यायला 10 सेकंद मिळतात. लेव्हल 2 मध्ये तेवढेही नाहीत, तिथे कायद्याने गाडी तुम्हीच चालवताय, स्टिअरिंग आपोआप फिरत असलं तरी. मी एकदा मित्राच्या अशा गाडीत बसलो होतो, वीस मिनिटांत तो निवांत मागे वळून माझ्याशी गप्पा मारायला लागला. बेजबाबदार माणूस नाहीये तो, पण काहीच न करता सतत डोळ्यात तेल घालून बसणं माणसाला जमतच नाही. आणि टेस्लाने या लेव्हल 2 ला नाव काय दिलं, तर फुल सेल्फ ड्रायव्हिंग! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. 2024 मध्ये पुढे ‘सुपरवाइज्ड’ जोडलं, म्हणजे पूर्ण आपोआप पण लक्ष तुम्हीच ठेवा.

उबरचं 2018 चं प्रकरण म्हणूनच विसरता येत नाही. ॲरिझोनातल्या टेम्पीमध्ये 18 मार्चच्या रात्री एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. उबरच्या आपोआप चालणाऱ्या टेस्टिंगच्या गाडीला ती धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती! पण सिस्टीम कधी तिला वाहन समजली, कधी सायकल, कधी नुसतंच ‘काहीतरी’, आणि दर वेळी मत बदललं की ती कुठे चाललीय याचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून. क्रॉसिंग सोडून भलतीकडेच पादचारी रस्ता ओलांडेल हे सिस्टीमच्या हिशेबातच नव्हतं. गाडीचा मूळचा आपोआप ब्रेक टेस्टिंगसाठी बंद ठेवलेला. गाडीवर लक्ष ठेवायला आत बसलेली सेफ्टी ड्रायव्हर फोनवर कार्यक्रम बघत होती. बाई गेली. पुढे कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही, गुन्हा कबूल करायची वेळ 2023 मध्ये आली ती त्या ड्रायव्हरवर. तिची चूक होतीच, पण बाकी सगळे कुठे गेले?

मॅपवाला मुद्दा पटकन संपवतो. मॅपने चुकीच्या गल्लीत नेलं तर मी शिव्या देतो आणि वळतो. मॅप सल्ला देतो, ब्रेक माझ्याच पायाखाली असतो. हां, मॅपमुळे मला रस्ते लक्षात राहीनासे झालेत हे कबूल, आणि उलट त्यामुळेच पुढची गोष्ट सोडताना मी दोनदा विचार करतो. एकदा फसलेल्या माणसाने सावध राहणं याला ढोंग कसं म्हणणार.

राहता राहिलं ते अज्ञान. अमेरिकेतली ट्रिपल ए ही वाहनचालकांची संस्था दर वर्षी लोकांना विचारते. 2022 मध्ये 55 टक्के लोक अशा गाडीला घाबरत होते, 2023 मध्ये 68, आणि 2025 मध्ये 61 टक्के. भीती नुसत्या अज्ञानाची असती तर या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्यावर ती सरळ उतरत गेली असती. आणि हेच लोक गाडीतल्या सुरक्षेच्या सिस्टीम सुधारा असं मोठ्या संख्येने सांगतात, म्हणजे मशीनचं वावडं त्यांना नाहीये.

कंपन्या वागतात कशा तेही बघा. ऑक्टोबर 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्याच गाडीने उडवलेली बाई क्रूझ या कंपनीच्या रोबोटॅक्सीसमोर, म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या टॅक्सीसमोर पडली, टॅक्सी तिला धडकून थांबली आणि मग बाजूला घ्यायचं म्हणून तिला साधारण 20 फूट फरफटत घेऊन गेली. मशीन चुकलं, ठीक, मशीन चुकतं, त्यानंतर 950 गाड्यांचं सॉफ्टवेअर बदललं. पण ते फरफटत नेणं कंपनीने सरकारला दिलेल्या रिपोर्टमध्ये आलंच नाही, आणि तो रिपोर्ट खोटा होता हे 2024 मध्ये कबूल करून 5 लाख डॉलर दंड भरला.

त्याच 2024 मध्ये ब्रिटनने कायदा केला, की मंजुरी मिळालेली गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली याचा जाब आत बसलेल्या माणसाला विचारायचा नाही, ज्या कंपनीने मंजुरी घेतली तिला विचारायचा. ‘दोर तुटला तर काय’ हाच प्रश्न आहे हा, फक्त या वेळी उत्तर कायद्यात लिहून घेतलंय.