‘इन्क्विझिशनचा हिंदूंशी संबंधच नव्हता’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गोव्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज परत फिरायला लागलाय. म्हणे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळात धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं कोर्ट, फक्त ख्रिश्चनांपुरतं होतं, हिंदूंशी संबंध नाही, अडीचशे वर्षांत मेले फक्त 57, देवळं लोकांनी आपणहून हलवली, बाकी सगळा प्रचार. चांगली शिकलेली माणसं हे पाठवतायत, म्हणून लिहितोय.

आधी ते ‘फक्त ख्रिश्चन’. 1560 ला जुन्या गोव्यात कोर्ट बसलं तेव्हा इथले बहुतेक ख्रिश्चन कोण होते? कालपरवापर्यंत आपलेच देव पुजणारे गावकरी. पुढे त्यांच्यावरच खटले भरले गेले, जुने रिवाज चोरून पाळतात म्हणून. 1736 चा हुकूम बघा, घराजवळ तुळस नको, बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. म्हणजे पावणेदोनशे वर्षं धाक दाखवूनसुद्धा लोक हे सगळं करतच होते, नाहीतर बंदी कशाला घातली असती? आणि बाप्तिस्मा न घेतलेला हिंदूही सुटत नव्हता, कोणाला धर्म बदलू नको म्हणून सांगितलं तरी त्याला पकडत.

आता 57. आकडा हवेतला नाही, पण तो एकटा उचलून दाखवणं ही फसवणूक आहे. त्याच हिशेबात 16,000 च्या वर खटले आहेत, आणि 64 जणांचे पुतळे जाळलेत, म्हणजे जे आधीच मेले किंवा हाती लागले नाहीत त्यांचे. पणजीची चर्चसमोरची बाग ज्याच्या नावाने ओळखली जायची तो वैद्य गार्सिया द ओर्ता 1568 ला वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, ज्यू धर्म पाळते म्हणून जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये ओर्ताचीही हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. बारा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची हाडं! फ्रेंच डॉक्टर शार्ल देलों याला दमणला पकडून जुन्या गोव्यात आणलं, कोठडीत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, शेवटी गलबतावर वल्ही मारायची शिक्षा झाली. तो जिवंत राहिला, म्हणून 57 मध्ये नाही. मूळ कागदपत्रं तर 1812 ला कोर्ट बंद झाल्यावर बहुतेक नष्टच झाली.

देवळांचं म्हणाल तर तो कारभार वेगळा, सरकारी हुकमाने आणि मिशनऱ्यांच्या पुढाकाराने चाललेला, तो इन्क्विझिशनच्या खात्यात टाकू नये हे मला मान्य. पण आपणहून? कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, का, तर अंत्रुज, म्हणजे आजचा फोंड्याचा भाग, तेव्हा पोर्तुगीजांच्या हातात नव्हतं. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत 1567 ला एकाच मोहिमेत सुमारे 280 देवळं पाडली. मूर्ती घेऊन रातोरात नदी ओलांडणाऱ्याला हौस नव्हती हो.

मिशनरी फ्रान्सिस झेवियरवरूनही दोन्हीकडून वाटेल ते बोललं जातं. त्याने 1546 ला पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन मागितलं हे खरं, आणि कोर्ट सुरू व्हायच्या आठ वर्षं आधी, 1552 ला तो वारला हेही खरं.

उलट बाजूने ‘लाखो हिंदू जाळले’ टाकून आजच्या कॅथलिक शेजाऱ्याला शिव्या घालणारे आहेत, त्यांनाही विचारतो, त्या कोठड्यांत सगळ्यात जास्त कोण होते? याच शेजाऱ्याचे खापरपणजोबा, अंगणात तुळस ठेवली म्हणून धरलेले.