सांगली ते मुंबई तीन तासांत? हा हिशेब केला कुणी?

मावशीचा मुलगा पुढच्या आठवड्यात परदेशी चाललाय. विमान मुंबईहून, रात्री दोनचं. दुपारी निघायचं ठरलं होतं, पण काल मावशीला व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला आणि तिने गाडीवाल्याला संध्याकाळी सातची वेळ देऊन टाकली. मेसेज असा: सांगली–मुंबई अंतर फक्त 300 किलोमीटर, विमानाने 20 मिनिटं, गाडीने ताशी 100 च्या वेगाने तीन तास, लोक उगाच अख्खा दिवस घालवतात. हा मेसेज आता प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, म्हणून लिहितोय.

300 चा आकडा खरा आहे, तेवढं मान्य. पण ते हवाई अंतर आहे.

विमानाचं आधी संपवतो. सांगलीतून प्रवासी विमान उडतच नाही. कवलापूरला धावपट्टीची जागा आहे, विमानं नाहीत. जवळचा विमानतळ कोल्हापूरचा, उजळाईवाडीला. तिथून मुंबईही हवाई मार्गाने 300 किलोमीटरच्याच आसपास, आणि विमान कंपन्यांचं वेळापत्रक उघडून बघा, त्या उड्डाणाला जवळपास तासभर धरलेला असतो. 300 किलोमीटर 20 मिनिटांत म्हणजे ताशी 900, आणि हा वेग मोठ्या जेटचा, तोही उंचावर पोचल्यावरचा. चढायला, उतरायला, मुंबईवर घिरट्या घालायला लागणारा वेळ या 20 मिनिटांत कुठे बसवला?

आता गाडीचं, कारण खरा घात इथे आहे. हवाई अंतराला गाडीच्या वेगाने भागलंय! नकाशावर सांगली ते मुंबई पट्टी ठेवा. रेघ उंब्रजच्या बाजूने वर सरकते, पाचगणीजवळून सह्याद्री ओलांडते आणि रायगड किल्ल्याच्या अंगाने मुंबईकडे जाते. या रेघेवरून गाडी नेणार कशी? आपला रस्ता आष्ट्यावरून पेठनाका, मग कराड, सातारा, खंबाटकी, पुणे आणि तिथून एक्स्प्रेसवे. अंतर पावणेचारशेच्या पुढेमागे.

आणि ताशी 100? एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात कारला तेवढी परवानगी आहे, घाटात नाही. एक्स्प्रेसवेमुळे पुण्यापुढचा वेळ वाचला हे खरं, पण तो सगळा मिळून जेमतेम 95 किलोमीटरचा. पेठनाक्यापर्यंत गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे असतात, मागे दिवासुद्धा नसतो. महामार्गावर सहापदरीकरणापायी गेली काही वर्षं जागोजागी वळवलेला रस्ता. खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या ‘एस’ वळणावर 2018 च्या एप्रिलमध्ये मजुरांच्या टेम्पोला अपघात होऊन 17-18 माणसं गेली. विमान चुकेल या धास्तीने रात्री त्या वळणावर गाडी दामटायला लावणारा मेसेज ‘माहितीसाठी’ म्हणून पुढे ढकलू नका.

सरासरी ताशी 60 पडली तरी नशीब समजा. म्हणजे सव्वासहा तास नुसतं चाक फिरतंय. जेवण, चहा, टोल, पुण्याची बाह्यवळणावरची कोंडी, मग पनवेल-वाशीपासून विमानतळापर्यंतची गर्दी धरली की आठ तास होतात. परदेशी जाणाऱ्याने तीन तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री अकरा. तासभर हाताशी ठेवला तर दोनच्या विमानाला सांगलीहून दुपारी दोनच्या आत गाडी हलली पाहिजे, आणि पावसाळा असेल तर बाराच्या आत.